जवळ्याचा चुरा

पिल्लं टाकल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी जगननं कोंबड्यांच्या शेडचं दार उघडलं, तर एक पक्षी जाळीशी आडवा पडला होता आणि पाच-सहा जण त्याच्या पाठीवर चोची मारत होते. जगननं पायानं त्यांना बाजूला सारलं आणि पक्षी उचलला. मेला होता, पण अंग अजून गरम होतं. शेपटीच्या मुळाशी एकही पीस नव्हतं. नुसतं लाल मांस.

"कालचाच काय वो हा?" जाळीबाहेरून रंभानं विचारलं. रंभा शेजारीण. वालाच्या वाफ्यांना घालायला शेडमधलं जुनं तूस न्यायला ती घमेलं घेऊन आली होती.

"कालचा दुसरा होता. हा आजचा."

रंभानं जाळीला नाक लावून आत बघितलं. तीनशे पक्षी. अंगानं बारके, मान उघडी, पंख झिजलेल्या केरसुणीसारखे.

"भावोजी, एक इचारू? यांच्या अंगावर पिसं नायत. मग खाली तरी दिसाया हवीत. तुसात एक पीस नाय."

"खातात ती."

"पिसं?"

"काल बघितलं ना मी. एकीनं दुसरीच्या पंखातलं ओढून काढलं नि शेवई गिळावी तशी गिळलं."

"अरे देवा. पोटाला मिळत नसंल."

"भांडी भरलेली असतात गो. मी सोता भरतो."

रंभा तूस भरायला वळली. घमेलं भरून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि जाता जाता म्हणाली, "सगुणाच्या वक्ताला असं नव्हतं." मग आपण बोलायला नको होतं असं वाटून तिनं पाऊल उचललं.

सगुणा, त्याची बायको, श्रावणात गेली होती. कावीळ झाली, आठ दिवस पेणच्या दवाखान्यात काढले आणि नवव्या दिवशी सकाळी संपलं. शेड तिची होती. सात वर्षांपूर्वी तिनंच गोठ्याच्या जागेवर पत्रे टाकून घेतले, पहिली शंभर पिल्लं आणली. जगन तेव्हा पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यावर होता. पहिल्या एस्टीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. शेडमध्ये काय चालतं ते त्याला बाहेरून माहीत होतं. मका, कोंडा, पेंड यांची पोती तोच पेणहून टेम्पोत चढवून द्यायचा. पुढचं सगुणा बघायची. ती पहाटे खाद्य मिसळायची आणि तो उठायच्या आत हात धुऊन चुलीशी बसलेली असायची.

ती गेल्यावर त्यानं कारखाना सोडला. तिचं काम बंद पडलेलं त्याला बघवेना.

पण त्याची पहिलीच बॅच जमली नाही. पंचेचाळीस दिवस झाले तरी वजन किलोच्या आतच. पेणच्या व्यापाऱ्याचा माणूस रघू टेम्पो घेऊन आला, त्यानं एक पक्षी तंगड्या धरून उलटा उचलला, हलवून बघितला आणि म्हणाला, "काका, ही कोंबडी हाय का कावळा?" टेम्पोतले दोघे हसले. निम्मे पक्षी नेले, निम्मे ठेवून गेले. ते जगननं सायकलला टोपली बांधून गावोगाव हिंडून खपवले.

म्हणून या बॅचला त्यानं शेंगदाण्याची पेंड दीडपट केली. पेंडीनं अंग भरतं हे त्याला माहीत होतं. आणि ही बॅच तर एकमेकांना खात होती.

त्या दिवशी रविवार होता. दहाच्या गाडीनं प्रविण आला. प्रविण त्याचा मुलगा, रोह्याला कंपनीत होता, बायको दिपिकाबरोबर तिकडेच खोली घेऊन राहायचा. जित्याच्या स्टेशनावरून चालत आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ शेडकडं गेला. बराच वेळ जाळीशी उभा राहिला.

"बाबा, किती गेले?"

"अकरा."

"रघू काय बोलला ते मला कळलंय. पुढच्या खेपेला असेच निघाले तर व्यापारी टेम्पो पाठवणार नाय."

जगन पाण्याची भांडी घासत होता. घासत राहिला.

"मी काय बोलतो ते रागानं नका घेऊ. तुमी एकटे इथं. जेवणाचं ठिकाण नाय. दिपिका रोज बोलते, बाबांना घेऊन या. ही बॅच बघू. व्यापाऱ्यानं नाय उचलली तर शेडचे पत्रे उतरवू. तुमी रोह्याला चला."

"आणि तिथं काय करू?"

"काय करायचंय? बसा आरामात."

जगनच्या डोळ्यासमोर ती खोली आली. एक खाट, एक टीव्ही, खिडकीतून समोरच्या चाळीची भिंत. त्या खोलीत सगुणा एकदाच गेली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली होती.

"बरं," तो म्हणाला. "ही बॅच बघू."

सोमवारी त्यानं मेलेला पक्षी पिशवीत घालून एस्टी पकडली. कंडक्टरनं वासावरून दोनदा वळून बघितलं.

पेणच्या जनावरांच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई होत्या, मृणाली नावाच्या, पंचविशीतल्या. त्यांनी पक्षी कापून आत बघितलं, हात धुतले आणि विचारलं, "रोग नाही. खायला काय घालता?"

"मक्याचा भरडा, भाताचा कोंडा, शेंगपेंड. औंदा पेंड जास्तच हाय."

"अजून काही?"

"नाय. खनिजाची पूड असते ती, बस."

बाईंचं लक्ष त्याच्या नखांकडं गेलं. कारखाना सोडून चार महिने झाले होते तरी कडेला प्लास्टरचं पांढरं बसलेलं होतं. "कारखान्यात होतात का?"

"तीस वर्षं. साच्यावर."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. समजा मूर्तीला एक पोट, एक सोंड, चार हात. तुम्ही पोटं काढलीत शंभर, हात चारशे. सोंडा मात्र साठ. मूर्ती किती होतील?"

"साठ." त्याला विचार करावा लागला नाही. "एक साल असं झालेलं बाई. सोंडेचा साचा फुटला होता."

"उरलेल्या पोटांचं काय केलंत?"

"भिंतीला लावून ठेवली. भिजून गेली."

"तसंच आहे बघा. आपण प्रथिन प्रथिन म्हणतो, पण ती एक वस्तू नाही. तिचेही सुटे भाग असतात, वीसेक. कोंबडी ते जुळवून मांस करते, पिसं करते. शेंगपेंडीत बाकीचे भाग भरपूर, दोन मात्र कमी. लायसीन आणि मिथिओनिन. पिसांना हे दुसरं फार लागतं. तुम्ही पेंड वाढवलीत म्हणजे पोटं वाढवलीत. सोंडा जवळपास तेवढ्याच राहिल्या."

जगन पुढं सरकून ऐकत होता. कोंबड्यांच्या बाबतीत इतकं नीट त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि पिसं खातात ते?"

"पिसात तो भाग असतो. त्यांना कळतं असं नाही, पण ओढ लागते. आणि रक्त दिसलं की बाकीचे धावतात. जखमांना हे जांभळं औषध लावा, लाल दिसलं नाही पाहिजे. मिथिओनिनची पूड मिळते, पण ती बाहेरून मागवायची म्हणजे आठ-दहा दिवस. तोवर सुकी मासळी घाला. त्यात दोन्ही असतात." त्यांनी बाटली पुढं केली. "पण तुमचे पक्षी आधी कसे वाढायचे? सात वर्षं शेड आहे म्हणता."

"तेव्हा बायको घालायची."

"मग त्या काय घालायच्या ते विचारा ना घरी."

जगननं औषधाची बाटली पिशवीत ठेवली. "ती नाय आता," तो म्हणाला.

बाईंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाल्या, "काहीतरी घालत असणार, काका. शोधा."

एस्टीत बसून तो मासळीचा विचार करत होता, आणि तेच अवघड होतं.

तेराव्याला भावकी बसली होती तेव्हा थोरल्या चुलतभावानं, हैबतरावानं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "जगन, तिच्या नावानं काय सोडतोस?" त्यांच्यात तशी रीत होती. गेलेल्या माणसाची जी आवड, ती घरच्या कर्त्यानं वर्षभर वर्ज्य करायची. जगनला फार आठवावं लागलं नव्हतं. सगुणा खाडीकडची, मिठागरावरच्या घरातली. तिच्या हातांना कायम सुक्या जवळ्याचा, त्या बारक्या कोळंबीचा, वास असायचा. साबणानं धुतले तरी असायचा. "सुकं सोडलं," तो म्हणाला होता. "वर्षभर या दारात सुकी मासळी येणार नाय."

पुढच्याच सोमवारी सगुणाची थोरली बहीण बायजा आली. सात वर्षं ती दर सोमवारी यायची, डोक्यावर जवळ्याची टोपली, खाडीच्या बांधावरून दोन तास चालत. जगन कामावर असायचा, त्याला ती क्वचित दिसायची. त्या दिवशी तो दारात उभा होता.

"आक्का, सुकं आत नको," तो म्हणाला होता. एवढंच. सांगायचं बरंच होतं, पण नेमाचं सांगायचं तर सगुणाचं नाव घ्यावं लागलं असतं. बायजानं उतरवलेली टोपली परत डोक्यावर घेतली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. त्यानंतर आली नव्हती.

घरी आल्यावर जगन शेडमध्ये गेला. एकेक पक्षी धरून पाठीवर जांभळं लावलं. दीडशेवर पक्षी झाले तेव्हा कंबर धरली. टेकायला म्हणून तो कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपावर बसला. या पिंपावर तो चार महिने रिकामी पोती घडी करून ठेवत होता. आत काय आहे ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. रिकामंच लागलं होतं हाताला.

त्यानं पोती खाली ढकलली आणि झाकण काढलं.

आतून सगुणाच्या हातांचा वास आला.

तो झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. मग वाकून आत हात घातला. तळाला बोटभर थर होता, गुलाबी-करडा, भुसभुशीत. चिमटीत घेऊन उजेडात धरला. जवळ्याचा चुरा. काळे बारके डोळे वेगळे ओळखू येत होते. पिंपाच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक काठ चेपलेली जर्मनची वाटी टांगलेली होती.

सात वर्षं दर सोमवारची टोपली चुलीकडं गेलीच नव्हती. गेली असली तर मूठभर. बाकी सगळी इथं आली होती. आणि तो चार महिने पिंपावर पोती रचत होता.

"अरे येड्या," तो मोठ्यानं म्हणाला. पक्षी दचकून बाजूला झाले.

मंगळवारी उजाडताच तो खाडीकडं निघाला. बांधावर चिखल वाळला होता. डाव्या हाताला मिठागरांत पाणी घेतलेलं, बायका पायानं तळ चोपत होत्या. बायजाचं घर गावाच्या टोकाला. अंगण शेणानं सारवलेलं आणि त्यावर जवळा पसरलेला, गुलाबी. बायजा वाकून केरसुणीनं तो उलथत होती. तिनं जगनला लांबूनच बघितलं होतं. वर मात्र बघितलं नाही.

"आक्का."

"कोण? जगनशेठ?" केरसुणी चालूच. "लांब उभा राहा. वास येतो आमच्या अंगणाला."

तो लांब उभा राहिला. ऊन तोंडावर होतं. जवळा उलथून होईपर्यंत तिनं त्याला तसंच उभं ठेवलं. कुंपणापलीकडून दोघी बाया बघत होत्या.

"आक्का, मी वासामुळं नव्हतो बोललो."

"मग कशामुळं? सात वर्षं टोपली वाहिली. बहीण गेली नि तेराव्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी दारातनं हाकलली. पाण्याचा तांब्या नाय दिला कुणी."

"मी सुकं सोडलंय. तिच्या नावानं."

बायजाची केरसुणी थांबली. "काय सोडलंस?"

"सुकं. तिला आवडायचं म्हणून. वर्षभर घरात घ्यायचं नाय. तुला सांगायला गेलो, तोंडातनं फुटलं नाय."

बायजानं पदर तोंडाला लावला. जगनला वाटलं रडते. मग तिचे खांदे हलायला लागले आणि तो चमकला. ती हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिनं पदरानंच पुसलं.

"सगुणाला? सुकं? अरे तिला बघवत नव्हतं रे ते! लहानपणी सकाळी जवळा-भात, संध्याकाळी जवळा-भात. लग्न ठरलं तेव्हा मला बोलली, आक्का, भाताचा गाव मिळाला, आता सुटले."

"घरी तर करायची. आठवड्यातनं दोनदा."

"कोण खायचं?"

 जगनच खायचा. कांदा घालून परतलेला जवळा आणि तांदळाची भाकरी. वर मागून घ्यायचा. सगुणा त्याचं झाल्यावर मागून जेवायची. ती काय जेवते ते एकतीस वर्षांत त्यानं बघितलं नव्हतं.

"म्हंजे मी माझीच आवड सोडली," तो म्हणाला.

"बस खाली. ऊन लागंल." बायजानं आतून तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. "आमच्याकडं पाणी देतात."

तो निमूट प्यायला. मग त्यानं कोंबड्यांचं सांगितलं. पिसं, जांभळं औषध, साठ सोंडा, पिंप. बायजा मन लावून ऐकत होती.

"सोंडाबिंडा मला नाय कळत. पहिल्या बॅचला तिचेही असेच उघडे झाले होते. मी बोलले, आमच्या गावठी कोंबड्या अंगणातला जवळा टिपतात, त्या बघ कशा चकचकतात. तेव्हापास्नं चालू केलं तिनं. चेपकी वाटी हाय ना? दहा वाट्या खाद्याला एक वाटी चुरा. बाजारातली खारवलेली मासळी घालशील तर पाणी पी पी पितील नि मरतील. हा बिनमिठाचा, नुसत्या उन्हाचा. आणि शेवटच्या आठ दिवसांत बंद कर, नायतर मटणाला वास येतो."

तिनं टोपली भरली, वर पानं घातली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"उचल."

"सायकल नाय आणली आक्का. एक पोतं दे, खांद्यावर टाकतो."

"पोत्यात भुगा होऊन घामेजतो. टोपलीच न्यायची. डोक्यावर." तिनं आपली चुंबळ त्याच्या हातात दिली. "सात वर्षं मी नेली. आज तू ने."

कुंपणापलीकडच्या बाया आता उघड हसत होत्या. जगननं चुंबळ डोक्यावर ठेवली, बायजानं टोपली चढवून दिली. पहिल्या शंभर पावलांतच मान आखडली. बांधावर एका हातानं टोपली आणि एका हातानं धोतर सांभाळत तो चालत होता. वरून कावळे. गावात शिरला तेव्हा दोन मांजरं मागं लागली. पारावर हैबतराव बसला होता. त्यानं जगनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"जगन! सुकं? आणि नेम?"

"नेम चुकीचा लागलेला, दादा," जगन चालता चालता म्हणाला. "मागून सांगतो. मान मोडते माझी."

त्यानं त्याच दुपारी खाद्य मिसळलं. दहाला एक. भांडी भरली तसे पक्षी आले, आधी एक, मग सगळे, एकमेकांच्या पाठीवर चढून. मका बाजूला सारून ते चुरा वेचत होते. जगन तुसात उकिडवा बसून बघत राहिला.

तीन दिवसांत मरतूक थांबली. आठव्या दिवशी शेडमध्ये झाडताना त्याला तुसात एक पांढरं पीस सापडलं. नुसतं पडलेलं, कुणी न खाल्लेलं. त्यानं ते उचललं आणि टोपीत खोवलं. रंभा तूस न्यायला आली, तिनं बघितलं.

"भावोजी, हे काय मोरपीस?"

"त्याहून भारी हाय गो."

पाठीवर आधी काटे फुटले, मग काट्यांतून पिसं उलगडली. जांभळे डाग मात्र राहिले. बायजा सोमवारी येऊ लागली. टोपली शेडच्या दाराशी उतरवायची, ओट्यावर बसून पाणी प्यायची आणि जायची. घरात तिनं पाऊल टाकलं नाही आणि जगनलाही म्हणायचं सुचलं नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी तिनं सांगितल्याप्रमाणं त्यानं चुरा बंद केला. तोवर डॉक्टरीणबाईंनी मागवलेली पूड आली होती, चिमूट-चिमूट ती घातली.

पन्नासाव्या दिवशी, रविवारी, टेम्पो आला. प्रविणही सकाळच्या गाडीनं आला होता. पिशवीत त्यानं पत्रे सोडवायचे पाने आणले होते. जगनला ते पिशवीतून दिसले. 

रघूनं एक पक्षी तंगड्या धरून उचलला. त्याचा हात खाली गेला. त्यानं दुसरा हात लावला.

"काका, रंगपंचमी खेळलेत काय हे?"

"वजन कर."

काट्याला दहा-दहाचे जुडगे लागले. सरासरी चौदाशे ग्रॅमच्या वर. रघूनं तिसऱ्यांदा काटा ठोकून बघितला. एका पक्ष्याची पिसं फुंकून आतली कातडी बघितली, नाकाला लावून हुंगली.

"चांगले हायत," तो म्हणाला, जरा नाराजीनंच. "सगळे उचलतो. पुढची पिल्लं कधी टाकताय?"

जगननं प्रविणकडं बघितलं. प्रविण काट्यावरचा आकडा बघत होता. टेम्पो भरून होईपर्यंत तो मजुरांबरोबर पक्षी धरून देत राहिला. मग घामेजलेलं तोंड शर्टाला पुसत म्हणाला, "पत्र्याचे दोन नट ढिले झालेत बाबा. पाने आणलेच हायत तर आवळून टाकतो."

जगननं चार पक्षी ठेवून घेतले होते. दुपार कलली तशी बायजा आली. त्यानंच निरोप धाडला होता. डोक्यावर टोपली होती. ती शेडकडं वळली, तेवढ्यात जगन ओट्यावरून उतरला, दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरची टोपली घेतली आणि उंबरा ओलांडून सरळ चुलीशी नेऊन ठेवली.

"आक्का, आत ये."

मागच्या वावरात पोपटी लावली. रंभानं तिच्या वाफ्यातल्या वालाच्या शेंगा आणल्या, प्रविणनं भांबुर्डीचा पाला. मडक्यात पाला, शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. धूर खाली बसून वालाच्या शेतावर पसरला.

मडकं उघडलं तेव्हा उजेड होता. केळीची पानं मांडली. बायजा सवयीनं वाढायला उठली.

"तू बस," जगन म्हणाला. "रंभा, तूपण. मी वाढतो. कोण काय खातंय ते आता बघून घेणार हाय मी."

"बघ बाबा," बायजा म्हणाली. "माझ्या नावानं भलतंच सोडशील."

सगळे हसले. जगनही हसला. श्रावणानंतर पहिल्यांदा. मग त्यानं विचारलं, "आक्का, तिला आवडायचं काय मग?"

बायजानं शेंग सोलता सोलता मडक्याकडं हनुवटी केली. "हेच की. मडक्याला चिकटलेल्या करपट शेंगा. लहानपणी भांडायची त्यांच्यावरनं."

दरवर्षी पोपटीच्या वेळी सगळ्यांचं झाल्यावर सगुणा मडकं मांडीत घेऊन आत हात घालून खरवडत बसायची. तिला काही उरलंच नाही असं जगनला वाटायचं, आणि ते इतके महिने त्याच्या मनात टोचत होतं. बायजा खरं सांगत होती की त्याला बरं वाटावं म्हणून, ते त्यानं विचारलं नाही.

सगळ्यांची पानं उचलली गेल्यावर तो बसला. मडकं मांडीत ओढलं, ते अजून गरम होतं. आत हात घालून कडेची एक शेंग सोडवली. काळी झाली होती. सोलून दाणे तोंडात टाकले.

"हे सोडणार काय आता?" रंभानं विचारलं.

"नाय," जगन चावत म्हणाला, आणि दुसरी शेंग काढायला हात आत घातला.